एवढ्याशा बाळाला काय कळतं?

जुलै महिन्यात शाहूवाडी तालुक्यात जायचं म्हणजे पावसाची तयारी ठेवूनच निघावं लागतं. मलकापूर मागे टाकून आंबा घाटाच्या दिशेनं निघालो, तेव्हा दोन्ही बाजूंच्या वावरांत भाताची रोपलावण चालली होती. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरली घेऊन बाया वाकलेल्या. आम्ही एका नात्यातल्या घरी बाळ पाहायला चाललो होतो. अकीक्याला जाणं झालं नव्हतं, ती रुखरुख मनात होती.

घर कौलारू, बाहेर सोपा, आत अंधारं माजघर. माजघरात गोधडीवर चार महिन्यांचं बाळ पडलेलं होतं. माशाअल्लाह, अंगानं गुटगुटीत. त्याच्या डोक्याशी तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. मोबाइलवर रंगीत चित्रं नाचत होती, गाणी वाजत होती आणि बाळ डोळे न मिटता तिकडे पाहत होतं. बाळाचा बाप मुंबईला टेम्पो चालवतो, दोन महिन्यांतून एकदा घरी येतो. आई बावीस वर्षांची. सकाळी भाकऱ्या, मग जनावरं, मग रान. दुपारी येऊन दूध पाजायचं आणि पुन्हा कामाला लागायचं.

“मोबाइल लावला की गप पडतोय, खाला. काम तरी उरकतं,” ती म्हणाली.

“तू बोलतेस का त्याच्याशी?” आम्ही विचारलं.

ती थोडी लाजली. “काय बोलू? तो थोडाच उत्तर देतोय?”

चुलीपाशी बसलेली सासू हसली आणि आपल्या घरगुती बोलीत म्हणाली, “इत्ते छोटे बच्चे कू क्या समजता?”

हा प्रश्न त्या एका घरातला नाही. आपल्या बहुतेक घरांत तो असाच हसत विचारला जातो. बाळाचं पोट भरलं, लंगोट बदलला, झोप झाली की आपलं काम संपलं, असं आपण धरून चालतो. बाळ बोलायला लागेल तेव्हा बोलू, समजायला लागेल तेव्हा शिकवू, असं म्हणतो. हा लेख त्या सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

बाळ जगात येतं ते ओळख घेऊन

आपल्याकडे बाळ जन्मलं की त्याच्या कानात अजान देतात. त्याच्या कानावर पहिला शब्द चांगला पडावा, हा त्यामागचा भाव. पण ऐकण्याची सुरुवात त्याच्याही आधी झालेली असते. गर्भातलं बाळ साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून आवाज ऐकू लागतं. आईच्या हृदयाचे ठोके, पोटातली गुडगुड आणि सगळ्यांत जवळून येणारा आईचा आवाज. 1980 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांवर एक प्रयोग केला. बाळाच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज ऐकू येईल अशीच लय धरली. दोन-तीन दिवसांचं बाळ आवाज ओळखतं आणि तो पुन्हा ऐकण्यासाठी धडपडतंसुद्धा.

वासाचंही तसंच. 1975 साली इंग्लंडमध्ये दिसून आलं, की सहा दिवसांच्या बाळाच्या एका बाजूला स्वतःच्या आईच्या दुधाचा वास असलेली घडी आणि दुसऱ्या बाजूला परक्या आईची घडी ठेवली, तर ते जास्त वेळ आपल्या आईच्या वासाकडे तोंड वळवतं. आईची ओढणी उशाशी ठेवली की बाळ शांत होतं, हे आपल्या दादी-नानींना प्रयोगाशिवायच माहीत होतं.

नजर मात्र जन्मतः कच्ची असते. नवजात बाळाला सगळ्यांत बरं दिसतं ते वीस ते तीस सेंटीमीटरवरचं, म्हणजे साधारण एक वीत-दीड वीत. दूध पाजताना आईचा चेहरा बाळापासून नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. त्या वेळी आईनं बाळाकडे पाहावं, इतकीच त्याची गरज असते. आपण त्या वेळी दुसऱ्या हातात मोबाइल धरून बसलो, तर बाळाला दिसतो तो मोबाइलच्या उजेडातला आपला खाली झुकलेला, गप्प चेहरा.

आणि स्पर्श. तेल-मालीश ही आपली जुनी रीत. ती हलक्या हातानं, बाळाकडे पाहत, “हा बघ हात, हा बघ पाय” असं बोलत केली, तर त्या अर्ध्या तासात बाळाला स्पर्श, आवाज, नजर आणि वास सगळं एकदम मिळतं. फक्त मालीश करताना कानात, नाकात तेल सोडू नये, डोळ्यांत काजळ घालू नये आणि चुलीचा किंवा धुरीचा धूर बाळाच्या अंगावर घेऊ नये. एक वर्षाच्या आत मधाचं बोटही चाटवू नये, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

बोलणं म्हणजे देवाणघेवाण

सहा ते आठ आठवड्यांचं बाळ आपल्याकडे पाहून हसतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात “आऽ”, “ऊऽ” असे हुंकार देऊ लागतं. आपण उत्तर दिलं की क्षणभर थांबतं, पाहतं आणि पुन्हा हुंकार देतं. हीच त्याची गप्पागोष्टी करण्याची रीत. त्यानं द्यायचं, आपण घ्यायचं. आपण द्यायचं, त्यानं घ्यायचं. शेजारणी कुंपणावरून एकमेकींना वाटीभर कालवण देतात, दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी परत जात नाही, तसंच.

वाटी रिकामी परत गेली तर काय होतं, हे अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात दाखवलं. आई आधी बाळाशी हसत-बोलत खेळते. मग तिला सांगितलं जातं, की दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा ठेवायचा. रागवायचं नाही, उठून जायचं नाही, फक्त प्रतिसाद द्यायचा नाही. काही महिन्यांचं बाळ लगेच ओळखतं, की काहीतरी बिनसलंय. आधी ते हसून पाहतं, मग आवाज काढतं, हात पुढे करतं. तरी आई कोरीच राहिली की मान फिरवतं, अंग टाकतं, रडू लागतं. आई पुन्हा हसली, तिनं जवळ घेतलं, की हळूहळू सावरतं.

इथं आयांना धीर देणारी एक गोष्ट सांगायला हवी. याच ट्रॉनिक यांना असंही दिसलं, की चांगल्या, प्रेमळ मायलेकरांचाही सूर एकूण वेळेच्या साधारण तीस टक्केच जुळलेला असतो. बाकी वेळ चुकामूक होते. बाळाला झोप हवी असते आणि आई खेळवत असते, बाळ हाक मारतं आणि आईचे हात पिठात असतात. चुकामूक झाली म्हणून बाळाचं नुकसान होत नाही, आपण परत त्याच्याकडे वळलो की झालं. “आलेच हं, माझ्या राजा,” असं चुलीपासून म्हटलं तरी ते उत्तरच आहे. चोवीस तास बाळापाशी बसा, असं कुणीही सांगत नाही. शाहूवाडीच्या रानात लावण करणाऱ्या आईला ते शक्यही नाही.

मोबाइल का चालत नाही

मग मोबाइलही बोलतोच की, गाणी म्हणतोच की, असं कुणी म्हणेल. याचं उत्तर 2003 सालच्या एका अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली गेली. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस बसून खेळलं, बोललं. काहींना तेच माणूस, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. बारा बैठकांनंतर, माणसासोबत खेळलेली बाळं त्या भाषेतले बारीक ध्वनी ओळखू लागली. पडद्यापुढची बाळं काहीच शिकली नाहीत. आवाज तेच होते, पण पडदा बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. बाळ हसलं म्हणून तो थांबत नाही, बाळ थकलं म्हणून हळू होत नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं, की एक वर्षाखालच्या बाळाला पडद्यापुढे बसवूच नये. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर दोन वर्षांपर्यंत पडदा नको म्हणते. यात एक सवलत आहे, ती आपल्या तालुक्यातल्या घरांना उपयोगी पडणारी. बाप मुंबईला किंवा आखातात असेल, तर व्हिडिओ कॉलवर त्यानं बाळाशी जरूर बोलावं. मात्र आईनं बाळाला मांडीवर घेऊन मध्ये दुवा व्हावं: “कोण आलं? अब्बू आले! अब्बू हसले बघ.” बापानंही घाई करू नये. आपण बोलावं, मग थांबावं, बाळाला उत्तर द्यायला वेळ द्यावा. आवाज ओळखीचा झाला, की सुट्टीत घरी आलेल्या बापाला पाहून बाळ भोकाड पसरत नाही.

घरात एक भाषा, बाहेर दुसरी

आपल्या पुष्कळ घरांत बोली एक आणि गावाची भाषा दुसरी. चुलीपाशी दखनी, अंगणात मराठी, मदरशात उर्दू. “बाळ गोंधळेल, एकच भाषा बोला,” असा सल्ला सुशिक्षित माणसंही देतात. त्यात तथ्य नाही. 1984 साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा कॅनडामधला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक धड ऐकूच येत नाही. पण सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो कळला. वर्षाच्या आसपास पोचेपर्यंत मात्र त्यांच्यातल्या बहुतेकांना तो कळेनासा झाला, कारण घरात तो कुणी बोलतच नव्हतं.

अल्लाहनं प्रत्येक बाळाला जगातल्या सगळ्या भाषांचे दरवाजे उघडे करून पाठवलंय. ज्या भाषेत कुणी बोलतं, ते दरवाजे उघडे राहतात. म्हणून दादीनं दखनीत बोलावं, शेजारच्या मावशींनी मराठीत बोलावं. फक्त प्रत्येकानं आपल्याला जी भाषा मनापासून येते, त्या भाषेत बोलावं. पुस्तकी भाषेत अडखळत बोललेल्या चार वाक्यांपेक्षा आपल्या बोलीतलं लाडाचं एक वाक्य बाळाला जास्त देतं.

आमच्या घरातली चूक

आता जे लिहितोय ते सांगताना अजूनही जड जातं. आमच्या भावाचा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. घरात सगळे म्हणायचे, “त्याचा बापही उशिराच बोलला.” आम्हीही तेच म्हणालो. दार आपटलं की तो वळून पाहायचा, म्हणून ऐकू येतं असं धरून चाललो. तीन वर्षांचा व्हायला आला तेव्हा तपासणी झाली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होतं. दार आपटल्यावर तो वळायचा तो आवाजानं नव्हे, हादऱ्यानं आणि हलणाऱ्या सावलीनं. आज तो कानाला मशीन लावून आठवीत शिकतो, हुशार आहे. पण त्याच्या बोलण्याची पहिली अडीच-तीन वर्षं आमच्या “होईल, होईल”मध्ये गेली.

हजार बाळांमागे एक ते तीन बाळं जन्मतः कमी ऐकणारी असतात, असा जगभरचा ढोबळ अंदाज आहे. त्यातली पुष्कळशी अशा घरांत जन्मतात जिथं आधी कुणालाच हा त्रास नसतो. तज्ज्ञांचा नियम सोपा आहे: पहिल्या महिन्यात कानाची तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात. ‘ओएई’ नावाची तपासणी बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. गरज पडली तर ‘बेरा’ करतात. बाळंतपण जिथं झालं तिथं, किंवा लसीकरणाला जाल तेव्हा, “कानाची तपासणी कुठं होते?” हे स्पष्ट विचारा. मुंबईत वांद्र्याला, महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावानं, वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. मुलगा किंवा दीर मुंबईत असेल, तर तिथवर पोचणं अवघड नाही.

घरी लक्ष ठेवण्यासाठी काही खुणा लक्षात ठेवा:

– तीन महिन्यांपर्यंत बाळ चेहऱ्याकडे पाहून हसत नाही किंवा नजर स्थिर करत नाही.
– सहा महिन्यांपर्यंत मागून मारलेल्या हाकेकडे मान वळवत नाही, हुंकार देत नाही.
– नऊ महिन्यांपर्यंत ‘बाबा’, ‘दादा’ असे जोडध्वनी काढत नाही, नावाला ओ देत नाही.
– वर्षापर्यंत बोट दाखवत नाही, टाटा करत नाही.
– कोणत्याही वयात, आधी येत असलेली गोष्ट करणं बंद करतं.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे बाळात दोष आहेच असं नाही. पण वाट पाहत बसायचं नाही, दाखवायचं, एवढाच त्याचा अर्थ. नजर लागली म्हणून उतरवायची असेल तर उतरवा, पण त्या दिवशी डॉक्टरांकडेही जा.

आईचा चेहरा कोरा का होतो

ट्रॉनिक यांच्या प्रयोगात आईनं सांगून चेहरा कोरा केला होता. काही घरांत तो न सांगता कोरा होतो. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटले तरी रडू येणं, झोप न लागणं, बाळाकडे पाहावंसं न वाटणं, आपण वाईट आई आहोत असं सारखं वाटणं, हा आजार आहे. बाईचा आळस नव्हे, ईमान कमी पडणं नव्हे आणि कुणी केलेली करणीही नव्हे. तो औषधानं आणि आधारानं बरा होतो. आशाताईंना सांगा, दवाखान्यात सांगा. 14416 या सरकारच्या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. आईला आपला किंवा बाळाचा जीव नकोसा वाटतोय असं कळलं, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

चाळीस दिवस बाळंतिणीला जपायची आपली रीत चांगली आहे. पण त्या चाळीस दिवसांत तिला खाऊपिऊ घालतो, तिच्याशी बोलतो का? एक्केचाळिसाव्या दिवशी सगळं काम तिच्या अंगावर टाकून, बाळ गप्प राहावं म्हणून मोबाइल हातात देतो, त्यात चूक एकट्या आईची कशी?

बाळाशी बोलणं हे एकट्या आईचं कामही नाही. आपले प्रेषित (स.) नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन नमाज पढल्याचं हदीसमध्ये नोंदलेलं आहे. जमातीत एखादं बाळ रडल्याचा आवाज आला, तर त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आटोपती घेत, हेही नोंदलेलं आहे. रडणाऱ्या बाळाचं म्हणणं ऐकून घेण्याचा याहून मोठा दाखला कोणता? मग घरातल्या मर्द माणसांनी बाळाला घेऊन दहा मिनिटं अंगणात फिरणं, त्यात कमीपणा कसला?

दाराशी येणारी मदत

आपल्या राज्याला या बाबतीत अभिमान वाटावा असं काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली हा अभ्यास जगापुढे आला. पुढे त्याच धर्तीवर देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि त्यानंतर तीन, सहा, नऊ, बारा व पंधरा महिन्यांना आशाताई घरी येतात. त्या आल्या की वजनाचं विचारून पाठवून देऊ नका. बाळ हसतं का, वळतं का, हुंकार देतं का, हे त्यांच्याशी बोला. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन मुलं तपासतं, पुढच्या उपचारासाठी पाठवतं. त्या दिवशी बाळाला घेऊन जा.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. शाहूवाडी तालुक्यात आज शाळा आहेत, मुलं शाळेत जातात. पण शाळेत जाणारं मूल सहा वर्षांचं असतं. त्याचं ऐकणं, पाहणं, बोलणं यांचा पाया त्याआधीच मांडीवर घातला गेलेला असतो, आणि त्या शाळेला ना फी लागते, ना गणवेश.

पुन्हा त्याच माजघरात

त्या दिवशी आम्ही मोबाइल हळूच बंद केला. बाळ कुरकुरलं. आम्ही त्याला उचलून सोप्यात उजेडात नेलं, वीतभर अंतरावर तोंड आणलं आणि म्हटलं, “काय रे, पाऊस बघितलास का?” ते टक लावून पाहत राहिलं. आम्ही थांबलो. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या. चार-पाच श्वास गेले असतील, आणि त्यानं ओठ गोल करून हुंकार दिला, “ऊऽ.”

आई दाराच्या चौकटीत उभी होती. “बोलला?” ती म्हणाली.

“तुझ्याशी रोज बोलत असेल,” आम्ही म्हणालो. “आता तू विचार त्याला.”

तिनं त्याला घेतलं. काय बोलावं हे तिला सुचेना. मग तिनं सकाळपासून केलेलं सगळं त्याला सांगायला सुरुवात केली. भाकऱ्या किती केल्या, म्हशीनं दूध किती दिलं, रोपं किती लावली. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची आणि ते “ऊऽ” म्हणायचं. चुलीपाशी सासूबाईंचा हात पिठातच थांबला होता. थोड्या वेळानं त्याच उठून आल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “ला गे, मेरे कने दे. मैं बी पूछती.”